वर्गातील पडदा कोणाच्या हाती?

जिल्हा परिषदेच्या शाळेत आलेल्या संगणकाची खरी हकीकत समजून घ्यावयाची असेल, तर त्याच्या उद्घाटनाला कोण पाहुणे आले होते हे विचारून उपयोग नाही. त्याचे वीजबिल कोण भरतो, हे विचारावे लागते. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यातील हजारो प्राथमिक शाळा ‘डिजिटल’ झाल्याचे जाहीर झाले. हा पैसा सगळाच सरकारी तिजोरीतून आला नव्हता. पुष्कळ गावांनी लोकवर्गणी काढली. ज्यांच्या घरी महिनाअखेरीस किराण्याची उधारी असते अशा शेतमजूर पालकांनीही त्यात आपला वाटा टाकला आणि अनेक शिक्षकांनी पदरमोड केली. प्रोजेक्टर आला, भिंतीवर पडदा लागला, छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले. पुढे काय झाले? सादिलाच्या तुटपुंज्या रकमेत खडू, झाडू, नोंदवह्या आणि वीजबिल हे सारे भागवावयाचे असते. ते भागेना. बिल थकले, वीजजोडणी तुटली आणि वर्गणीतून आलेले यंत्र कपाटात गेले. असे एका गावात झाले असते तर तो मुख्याध्यापकाचा गलथानपणा म्हणता आला असता. पण जिल्ह्याजिल्ह्यांतून हीच तक्रार येत राहिली.

अंदाजपत्रक वाचण्याची ज्याला सवय आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. यंत्राची खरेदी हा अनावर्ती खर्च. तो एकदाच होतो, त्याची निविदा निघते, त्यात पुरवठादाराचा फायदा असतो, आणि फीतही कापता येते. वीज, दुरुस्ती, इंटरनेटचे मासिक शुल्क आणि शिक्षकाचे प्रशिक्षण हा आवर्ती खर्च. तो दरमहा, दरवर्षी करावा लागतो आणि त्यातून कोणाचेही छायाचित्र निघत नाही. शिक्षकाचा पगार हा तर आवर्ती खर्चातील सर्वांत मोठा भाग. म्हणून सत्तेवर कोणीही असो, राज्यकर्त्यांचा ओढा एकाच दिशेने राहतो: यंत्र घ्या, माणूस टाळा. शिक्षकभरतीसाठी २०१७ साली ‘पवित्र’ नावाचे संकेतस्थळ निघाले. नाव मोठे सोवळे. भरती मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. एकीकडे रिक्त पदे आणि दुसरीकडे ‘स्मार्ट’ वर्ग, हे चित्र अपघाताने तयार झालेले नाही.

उत्पादनशास्त्रात यंत्र आणि श्रम यांचे दोन प्रकारचे संबंध सांगितले जातात. यंत्र श्रमाला पूरक असते किंवा त्याला पर्याय म्हणून येते. पूरक यंत्राने कामगाराचे कसब वाढते, त्याच तासात तो अधिक चांगले काम करतो. पर्यायी यंत्राने कामगार कमी करता येतात. वर्गात आलेल्या पडद्याबाबत विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे. तो शिक्षकाच्या हातातील साधन म्हणून येतो की शिक्षकाच्या जागी बसविण्यासाठी येतो? ‘तंत्रज्ञान हवे की नको’ या स्वरूपात हा वाद मांडणे ही तंत्रज्ञान विकणाऱ्यांची सोय आहे. कारण मग विरोध करणाऱ्याला जुनाट ठरविणे सोपे जाते. चळवळीतील काही जुनी मंडळी ‘यंत्र म्हणजे भांडवलदाराचा डाव’ असे म्हणून मोकळी होतात. तीही नकळत याच सोयीला हातभार लावतात.

पूरक म्हणजे काय, हे प्रत्यक्ष शाळेत पाहणे बरे. मेळघाटातील किंवा सातपुड्यातील एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या. दोघांपैकी एक शिक्षक बैठकीला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेलेला. मुले घरी कोरकू, भिल्ली किंवा पावरी बोलतात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. एका माणसाने एकाच वेळी चार इयत्तांना शिकवावयाचे म्हणजे तीन इयत्तांना गप्प बसवावयाचे, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. अशा वर्गात एक साधा टॅब आणि ध्वनिवर्धक असेल तर काय घडू शकते? तिसरी-चौथीची मुले एका कोपऱ्यात गोष्ट ऐकतात, तिच्यावरील प्रश्नांची उत्तरे आपसांत चर्चा करून वहीत लिहितात; तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत शिक्षक पहिलीच्या मुलांजवळ खाली बसून त्यांची अक्षरे घोटून घेतो. पाड्यावरील एखाद्या म्हातारीने सांगितलेली कोरकू गोष्ट शिक्षक आपल्या मोबाइलवर मुद्रित करून आणतो. मुले ती वर्गात ऐकतात, आपल्या घरची भाषा शाळेत ऐकून त्यांचे चेहरे खुलतात आणि मग त्या गोष्टीतील वस्तूंचे मराठी शब्द एकेक करून फळ्यावर येतात. पुस्तकातील हृदयाचे चित्र स्थिर असते. झडपा कशा उघडतात-मिटतात हे पडद्यावर दिसते. समुद्र न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटी दिसते. यातील प्रत्येक ठिकाणी यंत्र सुरू केव्हा करावयाचे, थांबवावयाचे केव्हा आणि थांबवून काय विचारावयाचे, हे शिक्षक ठरवितो. थांबविण्याचे कसब विशेष महत्त्वाचे. वीस मिनिटांची चित्रफीत सलग दाखविणारा वर्ग आणि चार मिनिटांनी ती थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारणारा वर्ग, या दोहोंत यंत्र तेच असते. तरी शिक्षण फक्त दुसऱ्या वर्गात होते.

चंद्राच्या कला शिकवावयाच्या तर कंदील आणि चेंडू घेऊनच आरंभ करावा, पडद्यावरचा चंद्र नंतर यावा. तंत्रज्ञान म्हणजे विजेवर चालणारी वस्तू, ही समजूत बाजाराने रूढ केली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. बिया, खडे, पाने, शिंपले ही शैक्षणिक साधने होती. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमाने खेड्यातील माध्यमिक शाळांतील मुलांना स्वस्त साहित्यातून स्वतः प्रयोग करावयास लावले. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली मध्य प्रदेश सरकारने बंद केला. या दोन्ही ठिकाणी साधन शिक्षकाने समजून घेतलेले आणि मुलाच्या हातात दिलेले होते. संगणकाला हीच कसोटी लावावयास हरकत नसावी.

शाळेत पडदा आणण्याचा प्रयत्न या देशात नवा नाही, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगातून मालकीचा धडा केव्हाच मिळालेला आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम होत. हजारो प्राथमिक शिक्षकांना सुटीच्या काळात याच मार्गाने विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. भारतीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ यांची ती कर्तबगारी खरोखर मोठी होती. जाळीच्या साध्या छत्र्या आणि खेड्यात टिकतील असे संच त्यांनी उभे केले. परंतु उपग्रह अमेरिकेचा होता आणि कराराचे वर्ष संपताच तो परत नेण्यात आला. ज्या गावांना वर्षभर पडदा दिसला, त्यांपैकी बहुतेकांचा पडदा पुन्हा काळा झाला. आणखी एक गोष्ट. ते वर्ष आणीबाणीचे होते. समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात होते आणि गावाच्या चौकातील संचावर काय दिसावे हे दिल्लीतील सरकार ठरवीत होते. यंत्र कोणाचे आणि मजकूर कोणाचा, हे दोन प्रश्न या देशात तेव्हाच एकत्र उभे राहिले.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८४ साली शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रकल्प ब्रिटिश बनावटीच्या संगणकांवर सुरू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘देशव्यापी वर्ग’ हे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. २००४ साली ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा स्वतंत्र उपग्रह सोडला गेला. २०१७ साली ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ निघाले. दर दहा-पंधरा वर्षांनी यंत्र बदलले. शाळेत ते चालविणाऱ्या शिक्षकाची तयारी आणि त्याची सेवाशाश्वती या गोष्टी मात्र प्रत्येक वेळी पुढच्या योजनेवर ढकलल्या गेल्या.

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातील प्राथमिक वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बहुतांशी बंदच राहिले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सांगितले गेले. ते कोणाचे सुरू होते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. म्हणजे धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर हे आकडे आधीपासून होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधून सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील फक्त ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलांचा अभ्यास मुळीच चालू नव्हता. त्याहून लक्षणीय बाब अशी की, ज्या ग्रामीण घरांत स्मार्टफोन होता त्यांतीलही जेमतेम १५ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. फोन घरात एकच असतो आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो, एवढी साधी गोष्ट मंत्रालयातील सादरीकरणात मावत नाही. मुलगी असेल तर तो भावाच्या हाती आधी जातो.

त्याच काळात ज्या शिक्षकांनी मुलांना धरून ठेवले, त्यांची साधने पाहण्यासारखी आहेत. सोलापुरात कामगारवस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले गेले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविले गेले. कित्येक शिक्षक ओट्यावर, देवळात, झाडाखाली चार-चार मुलांचे गट करून शिकवीत राहिले. यंत्राला त्यांची ना नव्हती. जे यंत्र गरिबाच्या दारापर्यंत पोहोचू शकत होते ते त्यांनी उचलले, एवढेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग त्यांनी केला तो एका प्राथमिक शाळेतील वर्गाची गरज ओळखून. त्या शाळेचा गौरव सरकारने जोरात केला. तशा शाळांना पुरेसे शिक्षक देण्याची निकड मात्र त्या जोराने कोणाला वाटली नाही.

टाळेबंदीचा खरा लाभ झाला तो शिकवणीच्या बाजाराला. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर आपले नाव मिरविणाऱ्या ‘बायजूज’ या कंपनीचे मूल्यांकन २०२२ साली २२ अब्ज डॉलरपर्यंत गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने विक्रीच्या पद्धतींवरून कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. पालकांच्या गळ्यात कर्जाचे हप्ते बांधून अभ्यासक्रम विकले जात असल्याच्या तक्रारी होत्या. जुलै २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. एका कंपनीच्या पडझडीवर समाधान मानण्यात अर्थ नाही. तिची जागा दुसरी घेईल. समजून घ्यावयाचे आहे ते तिच्या नफ्याचे मूळ.

एकदा तयार झालेला पाठ एका मुलाने पाहिला काय आणि एक कोटी मुलांनी पाहिला काय, जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. एका मुलाने पाहिल्याने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की अशा वस्तूचा समाजहिताचा भाव शून्याच्या जवळपास असला पाहिजे आणि तिचा निर्मितीखर्च समाजाने एकत्रितपणे उचलला पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयामागे हाच विचार होता. कंपनीला मात्र तोच पाठ विकावयाचा असेल तर त्याभोवती कुंपण घालावे लागते: परवाना, परवलीचा शब्द, वर्षाची वर्गणी. म्हणजे जे तंत्र ज्ञान फुकट वाटू शकते, त्याच तंत्राने ज्ञानाला कुंपण घातले जाते आणि कुंपणाचे भाडे पालकाकडून घेतले जाते. जेथे भाडे घेतले जात नाही तेथे मुलाचीच माहिती गोळा होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप्स व संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ८९ टक्क्यांचे व्यवहार मुलांच्या खासगीपणाच्या हक्काला बाधक किंवा धोकादायक आढळले. त्यात सरकारांनी स्वतः बनविलेली वा शिफारस केलेली साधनेही होती. तेव्हा ‘सरकारी’ म्हणजे आपोआप लोकांचे, असेही समजून चालणार नाही.

पडद्यामुळे गरीब मुलालाही मुंबई-पुण्यातील उत्तम शिक्षक मिळतो, असा एक युक्तिवाद केला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिल्लीत २०१५ साली सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून एक काटेकोर प्रयोग करण्यात आला. मुलाची प्रत्यक्ष पातळी ओळखून तेथून पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ठळक प्रगती दिसली. सातवीतल्या ज्या मुलाला तिसरीचे गणित येत नाही, त्याला वर्गातील सातवीचा धडा निरर्थक असतो. यंत्राने त्याला तिसरीच्या गणितापासून हात धरून वर आणले. परंतु त्या केंद्रांत दीड तासाच्या सत्रापैकी निम्मा वेळ यंत्रासमोर, तर उरलेला निम्मा वेळ लहान गटात माणसाकडून शिकण्यात जात होता, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. उलट, पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या अभ्यासानंतर २०१२ साली निष्कर्ष आला की भाषा आणि गणित या विषयांत काहीही फरक दिसून येत नाही. मुलांना लॅपटॉप चालविता येऊ लागला. वाचन आणि हिशेब जेथे होते तेथेच राहिले.

याला दुसरी वाट असू शकते का? केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली शाळांसाठी संगणक-प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रश्न उभा राहिला की मुलांनी कोणाचे सॉफ्टवेअर शिकावयाचे. बड्या परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर शिकविणे म्हणजे सरकारी खर्चाने तिच्यासाठी गिऱ्हाईक तयार करणे होय, हे तेथील शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने ओळखले. वाद झाला, दबाव आला आणि काही वर्षांतच राज्यातील सरकारी व अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. परवाना-शुल्क नाही, हा झाला एक लाभ. दुसरा लाभ अधिक मोलाचा: मुक्त सॉफ्टवेअर उघडून पाहता येते, बदलता येते, मल्याळममध्ये आणता येते. प्रशिक्षण देण्यासाठी कंपनीचे प्रतिनिधी न आणता शाळांतील शिक्षकांनाच मुख्य प्रशिक्षक बनविण्यात आले. २०१७ साली या प्रकल्पाचे रूपांतर ‘काईट’ या सरकारी कंपनीत झाले आणि त्यानंतर आठवी ते बारावीच्या सुमारे ४५ हजार वर्गखोल्यांत लॅपटॉप व प्रोजेक्टर पोहोचले. माध्यमिक शाळांतून ‘लिटिल काईट्स’ या नावाने मुलांची मंडळे उभी राहिली.

१ जून २०२० रोजी केरळमध्ये सरकारी शैक्षणिक वाहिनीवरून रोजचे पाठ सुरू झाले, म्हणजे ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही दूरदर्शन संचावर शिकता यावे अशी योजना होती. तरीही ज्यांच्या घरी संचही नव्हता अशी मुले होतीच, आणि सरकारला ते मान्य करावे लागले. तेव्हा वाचनालये, अंगणवाड्या, सामाजिक सभागृहे यांतून सामुदायिक पाहणीकेंद्रे निघाली; युवक संघटनांनी घरोघर जाऊन जुने-नवे संच गोळा करून गरीब घरांत पोहोचविले. केरळचे सारे आलबेल आहे असे कोणी म्हणणार नाही. त्या वर्षांत तेथील मुलांचेही नुकसान झालेच. पण शाळेची सार्वजनिक व्यवस्था, संघटित शिक्षक, गावोगावची वाचनालये आणि जागरूक चळवळ हे सारे आधीपासून होते, म्हणून यंत्र त्यांच्या अंगणात आले. ते यंत्राच्या मागे धावले नाहीत.

महाराष्ट्रात याच्या उलट शिक्षकच यंत्राच्या दावणीला बांधला गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये फतवा निघाला की शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसह ‘सेल्फी’ काढून तो ऑनलाइन पाठवावा, म्हणजे मुलांच्या हजेरीवर देखरेख राहील. ज्या डोंगराळ गावांत बोलण्यापुरतेही नेटवर्क मिळत नाही तेथील शिक्षकाने हे कसे करावे, याचा विचार फतवा काढणाऱ्याने केला नव्हता. शिक्षकांच्या विरोधामुळे हा हुकूम थोड्याच दिवसांत स्थगित करावा लागला. वृत्ती मात्र कायम राहिली. पटाची माहिती एका संकेतस्थळावर, पोषण आहाराची दुसऱ्या ॲपवर, प्रशिक्षणाचा दुवा तिसरीकडे, आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा संदेश. शिक्षक अध्यापनाचे तास मोडून माहिती भरतो आणि ती माहिती पाहून वरिष्ठ विचारतात की अध्यापन का झाले नाही! ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत शिक्षकांना रस्त्यावर यावे लागले, ते उगाच नव्हे. इंटरनेटने शिक्षक एकमेकांना जोडले जातात तेव्हा त्यातून नवे पाठ, नव्या युक्त्या, नवा हुरूप निर्माण होतो. कित्येक तालुक्यांत शिक्षकांच्या स्वतःच्या गटांनी हे सिद्ध केले आहे. तेच इंटरनेट फक्त वरून खाली हुकूम आणि खालून वर आकडे वाहून नेऊ लागले की शाळेची कचेरी होते.

या पार्श्वभूमीवर २०२३ साली पुढे आलेल्या ‘समूह शाळा’ योजनेकडे पाहावे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक सुसज्ज शाळा उभारावयाची. तेथे संगणककक्ष असेल, प्रयोगशाळा असेल, असे सांगण्यात आले. सुसज्ज शाळेला कोण विरोध करील? पण पाड्यावरची शाळा बंद झाली की सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून चार कोस जाणार नाही. ती घरी राहील आणि धाकट्या भावंडाला सांभाळील. संगणककक्षाचे आमिष दाखवून जवळची शाळा काढून घेणे हा पर्यायी यंत्राचाच एक प्रकार झाला. २०२४-२५ च्या सरकारी अहवालानुसार देशात एकशिक्षकी शाळा १ लाख ४ हजारांहून अधिक होत्या, संगणक असलेल्या शाळा ६४.७ टक्के आणि इंटरनेट असलेल्या ६३.५ टक्के. संगणकाची टक्केवारी दरवर्षी वाढते आणि त्याचा गाजावाजा होतो. एकशिक्षकी शाळांचा आकडा मात्र त्याच अहवालात खाली कोठेतरी असतो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी साक्ष दिली, तेव्हा सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हाच त्यांचा मुख्य आक्षेप होता. प्राथमिक शिक्षकाला चांगला पगार आणि चांगले प्रशिक्षण मिळावे, अशीही त्यांची मागणी होती. शैक्षणिक तंत्रज्ञानावरील सरकारी खर्चाला आज हाच प्रश्न विचारता येतो. क्यूआर कोड छापण्याचा खर्च सर्वांच्या करातून होतो. तो उघडून पाहण्याचा फोन मात्र प्रत्येकाने स्वतः आणावयाचा असतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक संस्थेने एक पाऊल पुढे टाकून आपला सारा दृक्‌श्राव्य मजकूर शिक्षकांना बदलून, तोडून, जोडून, आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलीत आणून वापरण्याची कायदेशीर मुभा द्यावी. इंटरनेट न पोहोचलेल्या शाळांसाठी तो मजकूर केंद्रशाळेत ठेवावा, म्हणजे दरमहाच्या शिक्षण परिषदेला आलेला शिक्षक पेनड्राइव्ह भरून नेऊ शकेल. याला ना उपग्रह लागतो, ना अब्जावधी डॉलर.

पक्षाच्या तालुका समित्यांनी या विषयावर ठराव करण्याआधी एक काम करावे. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. या पालकांना बरोबर घेऊन शाळेतील तीन कागद मागावेत: जडसंग्रह नोंदवही, गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणि संचमान्यतेचा तक्ता. पहिल्यात किती यंत्रे आली आणि त्यांपैकी किती बंद आहेत ते दिसेल; दुसऱ्यात ती चालविण्याची तरतूद कोणी केली ते; तिसऱ्यात मंजूर पदे किती आणि भरलेली किती ते. तालुक्यातील पन्नास शाळांचे असे तीन-तीन कागद एकत्र मांडून पंचायत समितीच्या दारात बसावे, आणि पुढील अंदाजपत्रकात नव्या यंत्राच्या खरेदीआधी जुन्या यंत्रांची वीज, दुरुस्ती आणि रिक्त जागेवरचा शिक्षक यांची तरतूद लेखी मागावी.